कार्बोरेटरचे दात मोजणारे व्याही

आमच्या व्याह्यांनी जन्मात कधी एकही वस्तू नुसती विकत घेतलेली नाही. त्यांनी प्रत्येक वस्तू पारखून, दात मोजून, चार पावलं चालवून बघून, मग दाव्याला धरल्यासारखी घरी आणलेली आहे. फ्रिज असो, पंखा असो, की माझी लेक त्यांच्या घरात सून म्हणून न्यायची असो, पद्धत एकच. नांदेडला आमच्याकडे मुलगी बघायला आले तेव्हा बाकीची मंडळी पोहे खात शिक्षण, पगार, रास विचारत होती आणि हे गृहस्थ मध्येच म्हणाले, "पोरी, परसातून बादलीभर पाणी आणून दाखव बरं." लेक गेली, बादली घेऊन आली, आणि यांनी बादलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही; बघत होते ते तिच्या चालीकडे. "पाणी हिंदकळलं न्हाई. आमाला पसंत हाय," म्हणाले. तशी माझी लेक बादली खाली ठेवून म्हणाली, "आता तुमच्या मुलाला सांगा, दुसरी घेऊन यायला." मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, गेलं हे स्थळ. तर व्याही मांडीवर थाप मारून म्हणतात कसे, "अरे, शिंग बी हायेत! ह्याच्यावर दुसरी बघूच नका!"

यात त्यांचा अपमान करायचा हेतू तिळाएवढा नव्हता हो. उलट बैलाच्या भाषेत बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी मोठा आदर. माणूस मूळचा देवणीजवळच्या एका खेड्यातला. देवणी बैल तुम्ही पाहिला नसेल तर काय सांगू, उभा राहिला तर देवळातला नंदी उठून आल्यासारखा वाटतो. यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या तीच जनावरं. पुढे लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत चांगली चालली, शहरात घर झालं, पण जगाकडे बघायची नजर गोठ्याच्या दारातलीच राहिली. डॉक्टरकडे गेले तर डॉक्टरांचेच खांदे बघून येतात. "हुशार हाय, पर वढीचा न्हाई, दुपारनंतर बसतो," असं एका डॉक्टरांविषयी मला सांगितलं, आणि खरंच ते डॉक्टर दुपारनंतर दवाखाना बंद ठेवत. माझी पारख मात्र त्यांनी अजून सांगितलेली नाही. मीही विचारलेलं नाही. मुलीची आई आहे, उगीच कशाला बैलासारखे अंगावरचे भोवरे दाखवून घ्या!

तर ह्या माणसाकडे एक जुनी अँबेसडर आहे. अंगानं पांढरी, आणि बॉनेट तेवढं काळं, कारण मूळचं बॉनेट कधीतरी चेपलं आणि दुसऱ्या गाडीचं काळं बसवलं ते रंगवायचं राहिलं. राहिलं म्हणजे यांनीच राहू दिलं. देवणी जातीत अंगानं पांढरा आणि तोंडानं काळा बैल निघतो, त्याला वानेरा म्हणतात. तेव्हापासून गाडीचं नाव वानेरा. गाडी स्त्रीलिंगी आहे हे मी एकदा हसत म्हटलं, तर म्हणाले, "इहीणबाई, वानेरा म्हटलं की वानेरा."

आता ही गाडी नुसती हौसेची असती तर गोष्ट वेगळी. पण तिच्यावर गावातला मान अवलंबून होता. त्यांच्या गावात पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, आणि त्या तोरणाखालून पहिली जाते ती यांच्या घरची जोडी. मागून सगळ्या गावाची. हा मान आजोबा-पणजोबांपासूनचा. पण यांच्या शेतावर ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा झाला, आणि पारावर प्रश्न निघाला की आता मान कुणाला? रीतीनं तो जात होता खालच्या आळीतल्या महादूकडे, कारण त्याच्याकडे पाणीदार जोडी आहे. व्याही पारावर उभे राहून म्हणाले, "बैल म्हंजे काय? जो घरचं वझं वढतो तो. आमच्या घरचं वझं आता वानेरा वढतो. तवा वानेराच पुढं येणार!" गाव पोट धरून हसलं आणि हसता हसता हो म्हणून बसलं. अट एकच: गाडी आपल्या पायानं आली पाहिजे. ढकलून आणली की मान गेला.

काही वर्षं गाडी आपल्या पायानं आली. आणि एका पोळ्याला, तोरण हाताच्या अंतरावर असताना, वानेरा खोकला, हुंदका दिल्यासारखा हलला आणि गप्प झाला. मागे सगळ्या गावाचे बैल ताटकळलेले, हलगी थांबलेली. व्याह्यांनी बटण दाबलं, चोक ओढला, महादेवाला हाक मारली. शेवटी उतार लागला म्हणा की दैवानं हात दिला म्हणा, गाडी घरंगळत तोरणाखालून गेली. पारावरची मंडळी म्हणाली, "मालक, हे चालनं न्हवं, हे घसरनं. एक डाव सोडलं. फुडल्या पोळ्याला बंद पडला तर मान महादूचा." व्याही ताठ मानेनं म्हणाले, "पडणारच न्हाई."

लातूरच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, कार्बोरेटर संपलाय. कार्बोरेटर म्हणजे काय हे मला माझ्याच स्वयंपाकघरात कळलं, कारण जुन्या सामानाची दुकानं नांदेडला जास्त, म्हणून त्या वर्षी व्याह्यांचा मुक्काम वरचेवर आमच्याकडे. ते येत, आणि येताना टॉवेलात गुंडाळून एखादा कार्बोरेटर घेऊन येत, 'बघायला' म्हणून. माझ्या कणकेच्या परातीत तो उघडून बसत. घरभर पेट्रोलचा वास. पण मुलीचे सासरे! बोलायची सोय नाही. मी नवीन परात आणली आणि जुनी त्यांच्या नावानं बाजूला ठेवली. त्यांना वाटलं मान दिला. "हे बघा," ते सांगत, "तुमी पिठलं हाटता का न्हाई? पाणी जास्त झालं की पांचट, पीठ जास्त झालं की गाठी. तसं ह्यात हवा आन् पेट्रोल हाटायचं आस्तंय. आमच्या जुन्याची ही झडप हाय ना, तिच्या दांडीचं भोक झिजलं. तितनं हवा चोरून आत शिरून राहिली. पिठल्यात कुणी मागनं पाणी वतलं तर तुमी काय करनार?" मी म्हटलं, "ओतणाऱ्याला घराबाहेर काढीन." "बस! तेच करायचं हाय."

पण घराबाहेर काढलेल्याच्या जागी आणायचा कोण? आणि इथून ती बघाबघी सुरू झाली. माझ्या जावयानं मोबाइलवर एक परदेशी दाखवला, लखलखीत. व्याही म्हणाले, "फोटू बघून बैल घ्यायचा? चालवून कोण दाखवनार, तू?" दिल्लीकडचा एक नवा कोरा, चकचकीत आला, नकली; त्याच्या तोंडात बोट घालून, आतली झडप उघडझाप करून, कानाशी नेऊन म्हणाले, "हा दलालानं तेल चोळून उभा केलेला हाय. आतनं पोकळ." मग एका मोठ्या जीपचा आला, दोन तोंडांचा. मला वाटलं हा तरी आवडेल, किती दांडगा होता! तर यांनी हातच जोडले. "इंजन आपलं मध्यम, ह्याचा घसा येवढा मोठा. खाईल दोघांचं, वढील एकाचं. जू वाकडं होईल इहीणबाई, जू!" मग एका छोट्या व्हॅनचा आला, खाली जोडपट्टी लावली की आपल्याही इंजिनावर बसतो म्हणे, पेट्रोल फार कमी पितो. त्याला बराच वेळ तळहातावर घेऊन बसले. मला वाटलं जमलं. "गरीब हाय बिचारा," असं म्हणून परत टॉवेलात गुंडाळला. "चढावर डोळं पांढरं करील."

हे सगळं ते एकट्यानं ठरवत नव्हते बरं का, सल्लागार होता. आमच्या मागच्या गल्लीत जुन्या गाड्यांचे एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांचं आणि यांचं मेतकूट असं जमलं की दोघं तासन्‌तास भांडत. व्याही कार्बोरेटरच्या तोंडात बोट घालून वय सांगायला लागले की चाचा कपाळावर हात मारत. "साब, ये बैल नै, कारबेटर है. इसके दांतां नै रहते." "दात न्हाईत तर झिजतो कशानं?" व्याही विचारत, आणि चाचा पाना शोधायला लागत. मी चहा देऊन निघून येई.

एक दिवस चाचांनीच सांगितलं, जुन्या मोंढ्याजवळ एका दुकानात किनवटकडच्या बंद पडलेल्या दुकानाचा माल आलाय. त्यात एक कार्बोरेटर आहे, मूळ कंपनीचा नाही, पण ह्याच इंजिनासाठी दुसऱ्या एका कारखान्यानं काढलेला, खोक्यातून बाहेर न काढलेला. मीही गेले सोबत, दोरे घ्यायचे होते. दुकानदारानं खोकं पुसून काउंटरवर ठेवला. व्याह्यांनी कार्बोरेटर काढला, वजन घेतलं, बोट घातलं, दांडी हलवून बघितली. हलली नाही. झडप सोडली, तशी ती 'टक्' करून बसली. त्यांचा चेहरा एकदम देवळात गेल्यासारखा झाला. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दुकानदाराच्या हातावर टाकलं, आणि आत हात घालून त्याची बोटं दाबायला लागले! बैलबाजारात सौदा असाच होतो हो, उपरण्याखाली, बोटांच्या खुणांनी, म्हणजे तिसऱ्याला भाव कळू नये. पण दुकानदार शहरातला. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. "काकू, यांना काय होतंय?" मी म्हटलं, "काही नाही, भाव करतायत. तुम्ही पण दाबा." त्यानं बिचाऱ्यानं घामाघूम होऊन अंदाजे दोन-चार बोटं दाबली आणि सौदा झाला. कोणाला किती पडला हे त्या दोघांनाही ठाऊक नसावं, पण दोघं खूश दिसले.

खोकं बांधताना दुकानदार म्हणाला, "असाच अजून एक आहे आतमध्ये." झालं. व्याही थबकले. "अजून एक? ह्याच मालातला?" "हो, जोडीनंच आले होते." "मग एक कसा नेऊ? आमच्या घरात आजवर एकटं जनावर आलं न्हाई." आणि दोन्ही घेतले.

चाचांनी खोकी उघडली आणि विचारलं, "दूसरा किसका?" "वानेऱ्याचाच." "साब, एकीच लगता." "दोन लाव." चाचांनी समजावलं, दोन बसतात, पण त्याला वेगळी नळी लागते, ती करून घ्यायला वेळ जाईल, पोळा काही थांबणार नाही. आणि इंजिनाला गरजच नाही, एकावर पळतंय. व्याह्यांनी ऐकून घेतलं, दोन्ही कार्बोरेटर टॉवेलात गुंडाळले आणि लातूरला निघून गेले. आम्हाला वाटलं तिकडे बसवतील. तर आठवडे गेले, पोळा दारात आला, आणि लेकीचा फोन: "आई, काही बसवलं नाही. दोन्ही कपाटात ठेवलेत, एकमेकांकडे तोंड करून. कुणी हात लावला की ओरडतात."

मी चाचांना घेतलं आणि लातूर गाठलं. माझ्या विहीणबाई शांत स्वभावाच्या, नवऱ्याविषयी फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी भाकरी थापता थापता हळूच म्हणाल्या, "ताई, शेवटच्या जोडीतला एक गेला ना, तवा दुसऱ्यानं वैरण सोडली. ह्यांनी लई केलं. गूळ दिला, रात्रंदिस जवळ बसले. न्हाई ऱ्हायला. तवापून जोडी फोडायचं नाव काढलं की असंच." बाहेर अंगणात चाचा म्हणत होते, "साब, कल परसों पोला है, मान जाएगा आपका," आणि व्याही भिंतीकडे बघत होते.

मी शिवणकाम करून संसार केलेली बाई. मला बैलातलं कळत नाही, इंजिनातलं त्याहून कमी. पण मी ओसरीवर बसले आणि म्हटलं, "व्याही, औताचा बैल रोज जुंपतात का? त्याला विसावा लागतो की नाही?" "लागतो की." "मग दोन्ही वानेऱ्याचेच. या पोळ्याला हा, पुढच्याला तो. हा कामावर, तो गोठ्यात बसून रवंथ करील. जोडी कुठं फुटली?" व्याही म्हणाले, "इहीणबाई, तुमच्या म्हायेरी बैल व्हते काय?" "माझ्या माहेरी शिलाई मशीन होती. तिला एक बॉबिन लावलं की दुसरं भरून ठेवतात." व्याही उठले, कपाट उघडलं, दोन्ही बाहेर आणले, दोघांवर हात फिरवला आणि एक चाचांच्या हातात दिला. "ह्याला घे. डाव्या अंगाचा हाय, पयला त्योच चालतो." डावा कसा ओळखला हे विचारायची चाचांची हिंमत झाली नाही.

गाडी सुरू झाली तेव्हाचा आवाज मला अजून ऐकू येतो. खोकला नाही, हुंदका नाही, एकसारखी घुमघुम. चाचा स्क्रू फिरवत होते, अर्धा इकडे, पाव तिकडे, आणि व्याही मडगार्डवर तळहात ठेवून डोळे मिटून सांगत होते, "अजून जरा. अजून. हं, आता बास, आता चालीवर आला." पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते, तूप-हळद लावून खांदे चोळतात. हे तुपाची वाटी घेऊन बॉनेट उघडून उभे. चाचा किंचाळले, "तूप नक्को साब! हवा की नाली में जाएगा!" शेवटी बॉनेटवर वरून चोळायचं ठरलं. चांगलं निवांत, गोल गोल चोळून, कानाशी वाकल्यासारखं करून गाडीला उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. विहीणबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "इतकी वर्सं झाली लग्नाला, माझ्या खांद्याला कुणी तूप चोळलं न्हाई." "तू सांगितलंस कवा?" व्याही म्हणाले. "वानेऱ्यानं सांगितलं व्हतं व्हय?" व्याही वळले आणि बॉनेटची दुसरी बाजू चोळायला लागले.

आणि पोळा आला. आम्ही सगळे वानेऱ्यात बसून गावी गेलो. आरशांना गोंडे, बॉनेटवर झूल, हेडलाइटच्या वर बेगडाची बाशिंगं. पारावरची मंडळी मिशीत हसत होती. त्यांना खात्री, बंद पडणार. मागे महादूची जोडी उभी, शिंगांना हिंगूळ, पाठीवर आरशांची झूल, काय दिसत होती! रीतीप्रमाणे बैलांची मंगलाष्टकं झाली, हलगी वाजली, आणि व्याह्यांनी गिअर टाकला. विहीणबाईंनी माझा हात धरला. वानेरा निघाला. मुद्दाम हळू चालवला, बैलाच्या चालीनं, म्हणजे बंद पडायला सगळ्यात सोपा वेग. तोरणाखाली आल्यावर तर त्यांनी गाडी उभी केली! चालू ठेवून उभी केली. घुमघुम, घुमघुम. आंब्याची पानं टपावर घासत होती. मग सावकाश पलीकडे गेला. गावानं शिट्ट्या मारल्या, पारावरचा एक म्हातारा स्वतः उठून आला आणि गाडीच्या काचेला गुलाल लावून म्हणाला, "मालक, मान तुमचा. फुडंबी तुमचाच."

व्याही उतरले. छाती अशी काढलेली की सदऱ्याची बटणं ताणली होती. विहीणबाईंनी नैवेद्याचं ताट पुढं केलं, पुरणपोळी, वर तूप. रीतच आहे, तोरण झालं की जनावराला घास द्यायचा. त्यांनी पोळी उचलली, दुमडली, सवयीनं गाडीच्या समोर गेले, आणि तिथंच उभे राहिले. पोळीचा हात छातीएवढ्या उंचीवर. समोर जाळी, दिवे, नंबराची पाटी. बॉनेटमधून धग लागत होती. त्यांनी एकदा हात पुढं केला, मागं घेतला. तूप मनगटावरून खाली ओघळायला लागलं.

मग ते वळले आणि महादूपाशी गेले. तो पोरसवदा, मान हुकल्यानं जरा घुश्श्यात होता. व्याही त्याला म्हणाले, "महादू, तुझ्या बैलाला एक घास घालू का?"

महादू गडबडलाच. "घाला की मामा. त्यात इचारायचं काय?"

डाव्या बाजूच्या बैलानं आधी हुंगलं, मग जीभ काढून पोळी ओढून घेतली, आणि हातावर राहिलेलं तूप मनगटापर्यंत चाटलं. व्याह्यांनी दुसरी पोळी आणून उजव्यालाही दिली. दोघांच्या मधे उभे राहिले, बराच वेळ. लोक निघून गेले, हलगी पुढच्या आळीत गेली.

परत आले तेव्हा विहीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "हात धुवा, मग बसू गाडीत."

त्यांनी हाताकडे बघितलं. "ऱ्हाऊ दे थोडा येळ," म्हणाले.